भरवशाचे गणित

राजमाचीच्या डोंगररांगेत उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी ही गावे मागे टाकीत आणि सुमारे 122 किलोमीटरांचा प्रवास करून वसईच्या खाडीस मिळणारी उल्हास नदी बदलापुरापाशी येते, तेव्हा तिच्या काठच्या ज्या वस्त्या तिच्या कृपेवर आणि अवकृपेवर सारख्याच अवलंबून असतात, त्यांत पश्चिमेकडील हेंद्रेपाड्याची गणना करावी लागते. नळाला येणारे पाणी या नदीचे, आणि जुलै महिन्यातल्या एखाद्या रात्री तळमजल्याचा उंबरा ओलांडून घरात शिरणारे पाणीही याच नदीचे. अभियांत्रिकी यंत्रणांची विश्वसनीयता संभाव्यतेच्या साहाय्याने कशी मोजतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. तो समजून घेण्यासाठी क्षेपणास्त्रे आणि अणुभट्ट्या यांच्याकडे जाण्याआधी या वस्तीचा नळ आणि या वस्तीचा पूर एकत्र पाहावा, असे मला वाटते. कारण या शास्त्रातला सर्वांत अवघड प्रश्न या दोहोंच्या संबंधातच दडलेला आहे.

प्रथम व्याख्या. एखादी यंत्रणा ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या मुदतीपर्यंत, तिच्याकडून अपेक्षित असलेले काम बिनचूक करीत राहील याची जी संभाव्यता, तिला त्या यंत्रणेची विश्वसनीयता म्हणतात. ही संख्या शून्य आणि एक यांच्या दरम्यान असते. व्याख्येतील तीन अटी, म्हणजे परिस्थिती, मुदत आणि अपेक्षित काम, वाचताना सहज नजरेतून सुटतात, आणि व्यवहारात बहुतेक फसगत त्या सुटल्यामुळेच होते. पंपाच्या कारखानदाराने दिलेली हमी ही कोरड्या, छपराखालच्या, स्थिर दाबाच्या विजेवर चालणाऱ्या पंपाची असते. गढूळ पाण्यात बुडालेल्या आणि कमी-अधिक दाबाने हैराण झालेल्या पंपाविषयी तो कागद काहीच बोलत नाही. तो कागद खोटा नसतो, फक्त त्याची परिस्थिती निराळी असते.

आता नळाच्या तोटीपासून मागे मागे चालत जावे. उन्हाळ्यात, सह्याद्रीवरून उतरणारे ओढे आटल्यावर, उल्हास नदीच्या पात्रात जे पाणी वाहते ते बहुतांशी टाटांच्या भिवपुरी येथील वीजगृहातून सुटलेले असते. हे वीजगृह 1922 पासून चालू असून घाटमाथ्यावरच्या आंध्र नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणात अडवून ते घाटाखाली उतरविले जाते, आणि वीज काढून झाल्यावर तेच पाणी नदीला मिळते. बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यापाशी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ते उचलते. तेव्हा घाटावरचा तलाव, वीजगृहाची जनित्रे, नदीचे पात्र, बंधारा, पंप, पंपाला लागणारा वीजपुरवठा, शुद्धीकरण केंद्र, तेथून निघणारी ऊर्ध्ववाहिनी, जलकुंभ आणि शेवटी गल्लीतली वितरणाची नळी अशी दहा कड्यांची साखळी आपल्यापुढे उभी राहते. यांपैकी एक जरी निकामी झाली, तरी हेंद्रेपाड्यातली बादली रिकामी राहते. अशा रचनेला एकसर जोडणी म्हणतात, आणि तिची विश्वसनीयता म्हणजे सर्व कड्यांच्या विश्वसनीयतांचा गुणाकार होय.

हा गुणाकार वरवर निरुपद्रवी दिसतो. समजा, उदाहरणापुरते, प्रत्येक कडी शंभरांपैकी नव्व्याण्णव दिवस चोख काम करते. कोणताही मामलेदार किंवा कार्यकारी अभियंता अशा कडीवर समाधानाने शेरा मारील. परंतु 0.99 ही संख्या स्वतःशी दहा वेळा गुणली असता उत्तर 0.904 येते, म्हणजे वर्षाकाठी सुमारे 35 दिवस पाणी नाही. कोणाही एका खात्याचा दोष दाखविता येत नाही, प्रत्येकाचे दप्तर स्वच्छ आहे, आणि तरी नागरिकाची तक्रार अक्षरशः खरी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत उडत्या बाँबवर काम करणाऱ्या मंडळींना हीच गोष्ट महागात पडली. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतके असते या समजुतीवर ती विसंबली होती, आणि प्रत्यक्षात साखळी दुबळ्यात दुबळ्या कडीहूनही दुबळी ठरत होती. गुणाकाराचा हा नियम त्यांच्यापैकी रॉबर्ट लुसर या अभियंत्याच्या नावाने पुढे ओळखला जाऊ लागला.

यावर उपाय काय, असे विचारले तर कोणीही व्यवहारी मनुष्य सांगेल की जी कडी दगा देते तिची जोडीदार उभी करावी. ही समांतर जोडणी. एका पंपाची विश्वसनीयता 0.95 असेल, तर तो बंद असण्याची संभाव्यता 0.05, दोन पंप असून त्यांपैकी एक चालला तरी भागत असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता 0.05 गुणिले 0.05, म्हणजे 0.0025, आणि जोडीची विश्वसनीयता 0.9975. तिसरा पंप बसविला की हा आकडा 0.999875 पर्यंत चढतो. इतक्या स्वस्तात इतका भरवसा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पदरात पडत नाही, आणि म्हणूनच अंदाजपत्रकात जादा पंपाची तरतूद फारशी खळखळ न करता मंजूर होते.

पण 0.05 गुणिले 0.05 हे लिहिताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरली. पहिला पंप बिघडण्याचा आणि दुसरा बिघडण्याचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे ते गृहीतक. संभाव्यतेच्या परिभाषेत या दोन घटना स्वतंत्र आहेत असे आपण मानले. आता तिन्ही पंप एकाच फीडरवर, म्हणजे एकाच वीजवाहिनीवर, चालतात, एकाच जॅकवेलवर, म्हणजे नदीचे पाणी उचलण्याच्या विहिरीवर, बसविलेले आहेत आणि एकाच नदीच्या काठी आहेत, हे लक्षात आणावे. त्या फीडरची विश्वसनीयता 0.98 असेल, तर तीन काय पण तेरा पंप बसविले तरी संपूर्ण व्यवस्थेचा भरवसा 0.98 च्या वर जाऊ शकत नाही. चौथ्या पंपावर केलेला खर्च त्या दोन शतांशांना स्पर्शही करीत नाही. आणि पूर आला म्हणजे काय होते? पाणी चढते, सुरक्षिततेसाठी वीज बंद करावी लागते, पंपघरात गाळ शिरतो, रस्ता बुडाल्यामुळे दुरुस्तीला जाणारा मनुष्य वाटेतच अडकतो, आणि नदीचे पाणी इतके गढूळ होते की शुद्धीकरणाचा वेग मंदावतो. दहा कड्यांपैकी निम्म्या एका रात्री, एकाच कारणाने तुटतात. या प्रकाराला सामाईक कारणाने होणारा बिघाड म्हणतात. विश्वसनीयतेच्या हिशेबात ज्याने या बाबीचा स्वतंत्र रकाना ठेवला नाही, त्याची बाकीची सर्व आकडेमोड दशांश चिन्हानंतर कितीही स्थळांपर्यंत बरोबर असली तरी तिच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

27 जुलै 2019 च्या पहाटे हे चित्र साऱ्या देशाने पाहिले. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात उभी राहिली, आणि तीतील सुमारे 1,050 प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक गावकरी यांनी नावांतून व दोरांच्या आधाराने बाहेर काढले. गाडी चालविण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात, आणि ती अडल्यास प्रवाशांना सोडविण्याचे मार्गही वेगवेगळे असतात: मागे नेणे, दुसरी गाडी आणणे, रस्त्याने मोटारी पाठविणे. कागदावर ही समांतर जोडणी आहे. परंतु रूळ, रस्ता आणि मागची वाट ही तिन्ही एकाच खोऱ्यात आहेत. नदीला ती एका वेळी बंद करता येतात.

अशा परावलंबनाचे सर्वांत दारुण उदाहरण महाराष्ट्राने त्याआधी अठ्ठावन्न वर्षांपूर्वी अनुभवले होते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, आणि खाली असलेले खडकवासल्याचे धरण त्या लोंढ्याखाली त्याच दिवशी गेले. दोन धरणे म्हणजे पुण्याच्या पाणीपुरवठ्याला दुहेरी आधार, असे ज्याने म्हटले असते, त्याने पानशेतचे फुटणे हे खडकवासल्याच्या फुटण्याचे कारण होऊ शकते, ही गोष्ट हिशेबातून वगळली असती. जपानात फुकुशिमा येथे 11 मार्च 2011 रोजी असेच घडले. वीज गेल्यावर चालू होणारी आपत्कालीन जनित्रे तेथे एक-दोन नव्हती, चांगली डझनभर होती. पण ती आणि त्यांचे विजेचे फलक बहुतेक सखल जागी असल्याने समुद्राच्या एका लाटेने सर्वांचा निकाल लावला, आणि सहाव्या अणुभट्टीचे, हवेने थंड होणारे, उंचावरचे एक जनित्र तेवढे उपयोगी पडले. हे जनित्र इतरांपेक्षा अधिक मजबूत होते असे नाही. ते इतरांपेक्षा वेगळे होते आणि वेगळ्या जागी होते. बदलापूरच्या पंपघरासाठी यातून निघणारा अर्थ उघड आहे: चौथा पंप त्याच जागी बसविण्यापेक्षा विजेचा फलक एक मजला वर नेणे, किंवा दुसऱ्या उपकेंद्रावरून वीज आणणे, अधिक लाभाचे.

आता पुराकडे, म्हणजे यंत्रणेवर येणाऱ्या भाराकडे, वळले पाहिजे. महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याने नद्यांच्या काठी दोन पूररेषा आखण्याची पद्धत ठेवली आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीची पातळी रोजच्या रोज मोजली जाते. बदलापूर येथे 16.50 मीटर ही इशाऱ्याची आणि 17.50 मीटर ही धोक्याची पातळी मानलेली आहे. पुष्कळ वर्षांच्या नोंदींतून प्रत्येक वर्षाचा सर्वांत मोठा पूर वेगळा काढून त्या मोठ्यांच्या वर्तनाचा नियम शोधण्याचे जे गणित आहे, ते विसाव्या शतकाच्या मध्यास एमिल गुम्बेल या गणितज्ञाने सुव्यवस्थित मांडले. सरासरी पावसाच्या नियमावरून महापुराचा अंदाज बांधता येत नाही, शिखरांचा नियम निराळाच असतो, हे त्याचे सार.

"पंचवीस वर्षांतून एकदा" या शब्दांनी मात्र लोकांची फार मोठी दिशाभूल झालेली आहे. 2005 साली पूर येऊन गेला, आता 2030 पर्यंत निर्धास्त राहावे, असा अर्थ घेणारे सुशिक्षित गृहस्थ मला भेटलेले आहेत. त्या शब्दांचा खरा अर्थ इतकाच की कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची संभाव्यता चार टक्के आहे. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा ती कमी होत नाही, आणि वीस वर्षे आला नाही म्हणून वाढतही नाही. निळ्या रेषेवर तळमजल्याचे घर वीस वर्षांच्या कर्जाने घेणाऱ्या कुटुंबाचा हिशेब करू. एका वर्षी पूर न येण्याची संभाव्यता 0.96, वीसही वर्षे न येण्याची 0.96 चा विसावा घात, म्हणजे 0.442. याचा अर्थ कर्जाचा शेवटचा हप्ता फिटण्याआधी घरात एकदा तरी पाणी येण्याची संभाव्यता जवळजवळ छप्पन्न टक्के. हेच घर लाल रेषेवर असेल तर तीच संभाव्यता अठरा टक्के होते. या दोन आकड्यांवर घराची किंमत, विम्याचा हप्ता आणि जोत्याची उंची ठरावयास हवी. प्रत्यक्षात रेल्वे स्थानकापासूनचे अंतर पाहून ती ठरते.

आणखी एक प्रश्न उरतो: रेषा ज्या नोंदींवरून काढली त्या नोंदी आजच्या नदीला लागू आहेत काय? समजा, एखाद्या वस्तीत 2005 पासून 2021 पर्यंतच्या सतरा वर्षांत तीन वेळा निळ्या रेषेपर्यंत पाणी चढले. संभाव्यता खरोखर दर वर्षी चार टक्के असती, तर सतरा वर्षांत तीन किंवा अधिक पूर येण्याची शक्यता तीन टक्क्यांहूनही कमी निघते. तेव्हा एक तर ती वस्ती विलक्षण दुर्दैवी आहे, नाही तर रेषा जुनी झाली आहे. येथे सावधगिरीने बोलले पाहिजे. कारण सतरा वर्षांचा हा कालखंड आपण पुरापासून सुरू केला आणि पुरापाशीच संपविला, आणि अशा निवडीमुळे शक्यता आहे त्यापेक्षा कमी भासते. तथापि ज्या खोऱ्यात भातखाचरांच्या जागी काँक्रीट आले, ओढ्यांच्या जागी गटारे आली आणि पात्रात भराव पडले, तेथे पूर्वी जमिनीत मुरणारे पाणी आता तासाभरात नदीत येते. म्हणून रेषा जुनी झाली असण्याचा पर्याय मला अधिक पटतो. खेरीज पर्जन्यमापकांची विरळ मांडणी हाही अडथळा आहेच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नव्हता. कुलाब्याचेच यंत्र असते, तर तो दिवस दप्तरात सामान्य म्हणून नोंदला गेला असता.

भार असा अनिश्चित, आणि तो पेलणारे सामर्थ्यही अनिश्चितच. काँक्रीटचे उदाहरण घ्या. एम-20 प्रतीच्या काँक्रीटचे सामर्थ्य दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन, असे आपण म्हणतो. परंतु एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून भरलेले घन अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहिले, तर प्रत्येकाचा आकडा निराळा येतो. म्हणून भारतीय मानक 456 असे ठरविते की नमुन्यांपैकी पाच टक्क्यांहून अधिक नमुने 20 च्या खाली जाता कामा नयेत, आणि त्यासाठी मिश्रणाची सरासरी 26.6 धरून आखणी करावी. मधले हे 6.6 म्हणजे कारागिरीतील अनिश्चिततेची मोजलेली किंमत आहे. वाळू, पाणी, देखरेख यांत जितका गलथानपणा अधिक, तितके आकडे अधिक पसरतात आणि तितकी ही किंमत वाढते. ती द्यावयाचे नाकारले तर इमारत उभी राहते खरी, पण तिची विश्वसनीयता कोणालाच ठाऊक नसते. मे 2021 मध्ये एकाच महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, त्यानंतर जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीचा तगादा सुरू झाला. तो आधी सुरू व्हावयास हवा होता. जुने ते मजबूत, असा युक्तिवाद करणारे लोक या भागात अंबरनाथच्या शिवमंदिराकडे बोट दाखवितात. शके 982 चा, म्हणजे 1060 चा, शिलालेख असलेले ते मंदिर वालधुनीच्या काठी अद्याप उभे आहे आणि त्याच्या शिल्पींविषयी मला अपार आदर आहे. परंतु त्या काळी बांधली गेलेली आणि आज मागमूसही न उरलेली बांधकामे मोजणीत आलेली नाहीत, त्यामुळे एका मंदिरावरून साऱ्या युगाच्या विश्वसनीयतेचे अनुमान काढता येत नाही.

यंत्रे बिघडणारच, हे मान्य केल्यावर दुरुस्तीच्या वेळेचे महत्त्व ध्यानी येते, आणि या विषयातला हा भाग मला सर्वांत आशादायक वाटतो. पंप सरासरीने 1,000 तास चालतो आणि बिघडल्यावर दुरुस्तीस 50 तास लागतात, असे धरले तर तो उपलब्ध असण्याचे प्रमाण 1,000 भागिले 1,050, म्हणजे सुमारे 95 टक्के. पंप तोच ठेवून दुरुस्ती 25 तासांत झाली, तर ते साडेसत्त्याण्णव होते, म्हणजे बंद राहण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. या पंचवीस तासांपैकी किती तास प्रत्यक्ष दुरुस्तीचे आणि किती बेअरिंग शोधण्याचे, मंजुरी मिळविण्याचे आणि मुकादमाला निरोप पोहोचविण्याचे असतात, हे कोठारातली नोंदवही चाळली की कळते. स्वीडनच्या वालोडी वायबुल या अभियंत्याने बिघाडांच्या वेळांवरून यंत्राची अवस्था ओळखण्याचे गणित दिले: नवेपणी होणारे बिघाड जोडणीतल्या चुकांचे द्योतक, मधल्या काळातले यदृच्छेचे, आणि उत्तरार्धात वाढत जाणारे झिजेचे. झिजेच्या अवस्थेत ठरलेल्या मुदतीने भाग बदलणे हिताचे. यदृच्छेच्या अवस्थेत चांगला भाग काढून नवा घालणे हा निव्वळ अपव्यय. पण हे सारे ठरविण्यासाठी बिघाड केव्हा झाला, किती तासांनी झाला आणि कशामुळे झाला, या तीन गोष्टींची इमाने-इतबारे लिहिलेली नोंद लागते. "पंप बंद, दुरुस्त केला" एवढ्या शेऱ्यातून कोणतेही गणित निघत नाही.

विश्वसनीयता वाढविण्याचा तिसरा मार्ग म्हणजे कड्या कमी करणे, आणि त्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्यास 1903 साली बसविलेले स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच पातळीने उघडत आणि पातळी उतरली की मिटत. त्यांना वीज, तार किंवा साहेबांचा हुकूम यांपैकी काहीही लागत नसे. बदलापूरजवळच्या बारवी धरणावरही, जे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधले आणि ज्याची उंची पुढे वाढविण्यात आली, स्वयंचलित दरवाजेच आहेत. वादळी रात्री चौकीदार पोहोचला काय, दूरध्वनी लागला काय, जनित्र चालू झाले काय, या साऱ्या कड्या एका फटक्यात वगळल्या जातात. अर्थात बिजागरी गंजली किंवा ओंडका अडकला तर तोही दरवाजा अडतो, आणि तो उघडण्यापूर्वी खालच्या गावांना आपण होऊन सूचना देत नाही. म्हणून भोंगा आणि वेळेवर दिलेली दवंडी यांचा बंदोबस्त वेगळा ठेवावा लागतो.

हेंद्रेपाड्यात किंवा उल्हास नदीच्या काठी कोठेही राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी नगरपरिषदेकडे जाऊन आपल्या इमारतीचा निळ्या आणि लाल रेषेच्या संदर्भातला नकाशा मागावा. 2005, 2019 आणि 2021 साली पाणी जिथवर चढले होते, ती पातळी वडीलधाऱ्या शेजाऱ्यांना विचारून जिन्याच्या भिंतीवर रंगाने, वर्षासह लिहून ठेवावी. आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मीटरपेट्या, पाण्याची मोटर व उद्वाहकाचा फलक त्यांतील सर्वांत वरच्या खुणेच्याही वर नेण्याचा ठराव मांडावा. या कामाला चौथ्या पंपाइतका खर्च येत नाही.